हरिद्रेची हळद, कातारीनाची कातालीना

आज एकच नाव घेऊन बसायचं आहे. बाईचं नाव, आणि तेही असं की ज्याच्याशी मुंबईचा जुना संबंध आहे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. १६६१चा तह, १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सशी लग्न, १६६५ मध्ये मुंबईचा प्रत्यक्ष ताबा. पुढे १६६८ मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने ती कंपनीला देऊनही टाकली. पाठ्यपुस्तकात या राजकन्येचं नाव ‘कॅथरीन ऑफ ब्रॅगांझा’ असं येतं. पण माहेरी तिला या नावाने कुणी हाक मारली नसती. माहेरची ती कातारीना. जन्म २५ नोव्हेंबर १६३८चा, आणि २५ नोव्हेंबर हा संत कातारीनाचा सण.

आता बघा, हीच मुलगी स्पेनमध्ये जन्मली असती तर कातालीना झाली असती. इटलीत कातेरीना. फ्रान्समध्ये कात्रीन. रुमानियात एकातेरीना. या सगळ्या लॅटिनच्या लेकी. अभ्यासक त्यांना रोमान्स भाषा म्हणतात. आपल्याकडे मराठी, गुजराती, बंगाली यांचं जे नातं, तेच त्यांचं. मग एकाच आईच्या लेकींनी एकच नाव पाच तऱ्हांनी का म्हणावं? सोपं उत्तर आहे ‘उच्चार बदलतात’. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर असं की नाव कोणत्या रस्त्याने आलं आणि ते कुणी दिलं, यावरही त्याचं रूप ठरतं. आज आपल्याला या दुसऱ्या अर्ध्याकडे जास्त वेळ द्यायचा आहे.

आधी मूळ. हे नाव लॅटिन नाहीच, ग्रीक आहे: ऐकातेरीने. अर्थ काय, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ग्रीकमध्ये ‘काथारोस’ म्हणजे शुद्ध. नावाशी ध्वनी जुळला, अर्थही सोयीचा वाटला, म्हणून लोकांनी ‘शुद्ध असलेली ती’ असा अर्थ लावला आणि त्या ओघात लॅटिन लेखनात ‘टी’च्या पुढे एक ‘एच’ घुसला. तो ‘एच’ फ्रेंचमध्ये आजही लिहितात, उच्चारत मात्र नाहीत. इंग्रजांनी तो मनावर घेतला आणि उच्चारायला लागले. म्हणून आपल्याकडे कॅथरीन आली. लोकांनी लावलेला अर्थ चुकीचा असला तरी तो लेखन बदलू शकतो, हे लक्षात ठेवा.

नाव पसरलं ते एका संतामुळे. अलेक्झांड्रियाची कातेरीना, राजघराण्यातली विदुषी. कथा अशी की चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राटाने तिच्याशी वाद घालायला पन्नास तत्त्वज्ञ बसवले आणि तिने ते सगळे हरवले. मग तिला टोकदार चाकावर मारायचं ठरलं, तर चाकच मोडलं. शेवटी शिरच्छेद झाला आणि देवदूतांनी देह सिनाई पर्वतावर नेला. या बाईचा समकालीन लेखी पुरावा नाही. १९६९ मध्ये रोमन चर्चने तिचा सण सार्वत्रिक पंचांगातून काढला होता. २००२ मध्ये तो ऐच्छिक म्हणून परत घातला. म्हणजे ज्या नावाच्या लाखो बायका होऊन गेल्या, त्या नावाची मूळ मालकीण होती की नाही हेच नक्की नाही. तरी तत्त्वज्ञांची, विद्यार्थ्यांची, सूत कातणाऱ्यांची, चाकं बनवणाऱ्या सुतारांची आणि लग्न न झालेल्या मुलींची ती पाठराखीण झाली.

आता भाषेकडे. आपण मराठीत तत्सम आणि तद्भव असा भेद करतो. ‘हस्त’ तत्सम, ‘हात’ तद्भव. जो शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडात फिरला तो झिजला. जो पोथीतून उचलला तो अखंड राहिला. हाच भेद युरोपात लावून बघा. लॅटिन ‘काबाल्लुस’ म्हणजे घोडा, त्याचं फ्रेंच झालं ‘शव्हाल’. ‘वाक्का’ म्हणजे गाय, तिचं झालं ‘व्हाश’. शब्दात ‘का’ असला की फ्रेंचने त्याचा ‘शा’ किंवा ‘श’ केला, हा त्यांचा ठरलेला नियम. मग कात्रीनची ‘शात्रीन’ का नाही झाली? दुसरी खूण ‘त’ची. लॅटिन ‘वीता’ म्हणजे जीवन. दोन स्वरांमधला हा ‘त’ स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये मऊ होऊन ‘द’ झाला, म्हणून ‘व्हिदा’. फ्रेंचमध्ये तर तो गळूनच गेला, ‘व्ही’. आपल्या ‘माता’ची ‘माय’ झाली, तसंच. मग कातारीनाची ‘कादारीना’ व्हायला हवी होती. ती झाली नाही.

कारण हे नाव उशिरा आलं. पश्चिम युरोपात या संताची भक्ती जोर धरते ती अकराव्या शतकापासून. नॉर्मंडीत रुआँच्या मठात तिचे अवशेष आल्यानंतर. तोवर ‘का’चा ‘शा’ करणारी लाट ओसरली होती. नाव पाद्र्यांच्या लॅटिनमधून, पोथीतून उतरलं, म्हणजे तत्सम. उलट उदाहरण हवं तर एउलालिया घ्या. ही स्पेनमधल्या मेरिदाची जुनी संत, तिथल्या मातीतली. तिचं नाव लोकांच्या तोंडात शतकानुशतकं फिरलं आणि झिजून ‘ओलाया’ झालं. ओळखू येतं का? ते तद्भव. सार्डिनिया बेटावर मात्र ‘कादेरीना’ ऐकू येतं, कारण तिथे ‘त’ मऊ करण्याची सवय पुढेही चालूच राहिली. आमच्या मते या विषयात नियमांपेक्षा असे अपवादच जास्त शिकवतात.

पण तत्सम म्हणून नाव अगदीच अस्पर्श राहिलं असंही नाही. पोर्तुगीजने मधल्या ‘ते’चा ‘ता’ केला, दोन्ही बाजूंच्या ‘आ’च्या संगतीने. आणि स्पॅनिशने ‘र’चा ‘ल’ केला, कातालीना. हे ऐकून मराठी माणसाने आश्चर्य करू नये. हरिद्रेची हळद कशी झाली? मधे प्राकृतात ‘हलिद्दा’ आहे. ‘चत्वारिंशत्’चे ‘चाळीस’ झाले, ‘दरिद्री’चा ‘दळिद्री’ झाला. ‘र’ आणि ‘ल’ जिभेच्या एकाच अंगणात खेळतात, त्यामुळे जागा बदलतात. उत्तर फ्रान्समध्येही हाच बदल होऊन ‘कातलीन’ असं रूप होतं. ते नॉर्मन लोकांबरोबर आयर्लंडला गेलं, तिथे ‘कॅटलीन’ झालं, आणि त्याचंच इंग्रजांनी ‘कॅथलीन’ केलं. म्हणजे कॅथरीन आणि कॅथलीन या दोन वेगळ्या मुली वर्गात शेजारी बसल्या असल्या, तरी नाव एकच.

रुमानियाची गोष्ट वेगळी. भाषा लॅटिनची लेक, पण धर्म पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा. तिथे हे नाव रोमहून आलं नाही; ग्रीक आणि स्लाव पूजाविधीतून आलं. म्हणून पश्चिमेत सगळीकडे गळालेला सुरुवातीचा स्वर तिथे शाबूत आहे: एकातेरीना. नाव भाषेमागून गेलं नाही, देवळामागून गेलं. शिवाय तिथे ‘कतलीना’ हेही नाव आहे. मिहाई एमिनेस्कू या त्यांच्या मोठ्या कवीच्या १८८३च्या ‘लुचाफरूल’ या दीर्घकवितेतली राजकन्या कतलीनाच. आणि पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढून १९१७ मध्ये मरण पावलेली रुमानियाची वीरांगना एकातेरीना तेओदोरोयू, हिचं जन्माच्या वेळचं नाव कतलीना होतं. एकाच बाईच्या आयुष्यात दोन रूपं.

इथून आपण दुसऱ्या अर्ध्याकडे वळतो: नाव कोण देतं?

राजघराण्यांपासून सुरुवात करू. इंग्लंडमध्ये लँकेस्टर घराण्याची एक कॅथरीन होती. चौदाव्या शतकाच्या शेवटी ती कास्तीलच्या राजाला दिली, तिथे ती कातालीना झाली. तिची नात म्हणजे प्रसिद्ध राणी इसाबेल, कोलंबसला पाठवणारी. इसाबेलने १४८५ मध्ये जन्मलेल्या आपल्या धाकट्या मुलीला आजीचं नाव दिलं: कातालीना. ही मुलगी १५०१ मध्ये इंग्लंडला सून म्हणून गेली आणि तिथे पुन्हा कॅथरीन झाली. हीच ती आठव्या हेन्रीची पहिली राणी, जिच्याशी काडीमोड घेण्यासाठी त्याने रोमशी नातं तोडलं. म्हणजे पणजीचं नाव इंग्लंडहून निघालं, स्पेनमध्ये ‘र’चा ‘ल’ करून घेतला, आणि पणतीबरोबर ‘ल’चा ‘र’ होऊन परत आलं. फ्लोरेन्सची कातेरीना दे मेदिची १५३३ मध्ये फ्रान्सला गेली, तिची कात्रीन झाली. आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची पद्धत आहे. तिथे ताट नव्हतं, पण सासरची भाषा तेच काम करत होती. फरक इतकाच की राणीचं नाव ओळखू येण्याइतकं तरी उरत होतं.

ज्यांचं तेवढंही उरलं नाही, त्या बायकांकडे बघा. चौदाव्या-पंधराव्या शतकात जिनोव्हा, व्हेनिस, फ्लोरेन्स या शहरांत काळ्या समुद्राकडून गुलाम आणत. तार्तार, सर्केशियन, रशियन; त्यांत बहुसंख्य तरुण मुली, घरकामासाठी. आल्यावर बाप्तिस्मा आणि नवं नाव: मारिया, लुचिया, मार्गेरीता, कातेरीना. दस्तऐवजात मुलीचं अंदाजे वय असतं, किंमत असते, अंगावरच्या खुणा असतात. आईबापांनी ठेवलेलं नाव असलंच तर ओझरतं.

लिओनार्दो दा विंची १४५२ मध्ये जन्मला, लग्नाबाहेरचा मुलगा. आजोबांनी नंतर करासाठी जे विवरण दिलं त्यात त्याच्या आईचं नाव आहे: कातेरीना. बस्स, एवढंच, नुसतं पहिलं नाव. आता ही कातेरीना कोण? मार्टिन केम्प या कलेतिहासकाराने २०१७ मध्ये मांडलं की ती विंचीजवळची एक पोरकी गरीब मुलगी. कार्लो व्हेच्चे या इटालियन अभ्यासकाने २०२३ मध्ये वेगळा पुरावा पुढे आणला: १४५२चाच एक मुक्तिपत्राचा दस्त, लिओनार्दोच्या वडिलांच्या, म्हणजे नोटरी सेर पिएरोच्या हातचा, एका सर्केशियन गुलाम स्त्रीचा. तिचंही नाव कातेरीना. वाद मिटलेला नाही. आम्हाला यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. नाव हे माणूस ओळखण्यासाठी असतं ना? इथे नाव माहीत आहे, आणि नेमकी ओळखच पटत नाही, कारण गावातल्या पोरक्या मुलीचं आणि हजारो मैलांवरून विकत आणलेल्या बाईचं नाव एकच. एकीला ते घरच्यांनी ठेवलेलं, दुसरीवर मालकांनी चढवलेलं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या देशातल्या मुलीची आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल मुलखात जन्मलेली एक मुलगी समुद्रकाठी पोर्तुगीज चाच्यांच्या हाती लागली. स्पॅनिश चरित्रकारांनी तिचं मूळ नाव ‘मिर्रा’ असं नोंदवलं आहे. कोचीनमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला आणि नाव पडलं कातारीना दे सान हुआन. तिथून मनिला, मनिलाहून गलबताने प्रशांत महासागर ओलांडून अकापुल्को, आणि शेवटी मेक्सिकोतलं पुएब्ला शहर. एका व्यापाऱ्याने तिला विकत घेतलं. पुढे ती मुक्त झाली, तिला दृष्टांत होतात अशी ख्याती पसरली, आणि १६८८ मध्ये ती वारली तेव्हा शहराने तिला संतासारखा निरोप दिला. तिचा एक धर्मगुरू अलोन्सो रामोस याने १६८९ ते १६९२ या काळात तिचं तीन खंडांचं चरित्र छापलं. धर्मन्यायपीठाने ते अतिशयोक्त ठरवून बंदी घातली. लोक तिला ‘चीना’ म्हणत, कारण त्या काळी मेक्सिकोत आशियातून आलेला कोणीही ‘चिनी’च. म्हणजे हिंदुस्थानी मुलगी, नाव ग्रीक, रूप पोर्तुगीज, ओळख चिनी.

इथे भाषेच्या अभ्यासकाला एक मोह होतो. स्पॅनिश मुलखात ती कातालीना न होता कातारीना राहिली, हा पोर्तुगीज कोचीनचा शिक्का असं म्हणावंसं वाटतं. पण जरा दमाने घ्यावं. मेक्सिकोत ‘कातारीना’ हे रूपही चालतं. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो इवलासा लेडीबर्ड किडा असतो ना, त्याला तिथे ‘कातारीना’च म्हणतात. तेव्हा एका अक्षरावर एवढा मोठा इमला चढवू नये.

सर्वसामान्य नामं कशी होतात तेही पाहून घेऊ. स्पॅनिशमध्ये सायकलच्या पायडलपाशी असलेल्या दातेरी चाकाला ‘कातालीना’ म्हणतात. घड्याळातल्या टोकदार दात्यांच्या चाकालाही. संताच्या छळाचं चाक ते. इंग्रजांनी गरगर फिरणाऱ्या फटाक्याला तिचं नाव दिलं, आपल्या भुईचक्राच्या भाईबंदाला. पॅरिसमध्ये पंचविशी गाठूनही लग्न न झालेल्या मुलींना ‘कात्रीनेत’ म्हणत. २५ नोव्हेंबरला त्यांना हिरव्या-पिवळ्या टोप्या घालायच्या. शिवणकामाच्या आणि टोप्यांच्या दुकानांत हा दिवस मोठ्या थाटात व्हायचा. आणि कात्रीनचं लाडाचं रूप होतं ‘कातॅं’. आधी खेड्यातल्या कुठल्याही मुलीला म्हणायचे, मग हळूहळू त्याचा अर्थ वेश्या असा झाला. पण त्याआधीचा साधा अर्थ घेऊन जे फ्रेंच लोक समुद्रापार क्वेबेकला आणि लुइझियानाला गेले, त्यांच्याकडे ‘कातॅं’ म्हणजे बाहुली! एकच लाडाचं नाव. एका काठावर शिवी, दुसऱ्या काठावर खेळणं. पुरुषांच्या नावांचंही असं होतं, नाही असं नाही, पण बायकांची नावं या वाटेने जरा जास्तच गेलेली दिसतात.

स्वतःचं नाव स्वतः मिरवणारी एक कातेरीना सांगायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. सिएना शहरातल्या रंगाऱ्याची मुलगी, १३४७ ते १३८०. लग्न नाकारलं, मठातही राहिली नाही. पोपना, राजांना, सेनापतींना पत्रं लिहवून घ्यायची. सुमारे पावणेचारशे पत्रं उरली आहेत, आणि पत्राच्या सुरुवातीलाच ती आपलं नाव घालते. पोपने फ्रान्समधलं आविन्यों सोडून रोमला परतावं म्हणून ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. १९७० मध्ये चर्चने तिला आपल्या आचार्यांत स्थान दिलं. इटलीत पुढे हे नाव ठेवताना आईबापांच्या मनात अलेक्झांड्रियाची जेवढी असते, तेवढीच ही सिएनाची असते.

शेवटी आपल्या किनाऱ्यावर येऊ. अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे या संताचाच दिवस. म्हणून जुन्या गोव्यात आधी तिच्या नावाचं छोटं प्रार्थनामंदिर उठलं आणि पुढे १५६२ मध्ये सुरू झालेलं सेचं भव्य कॅथेड्रलही तिलाच वाहिलं. मुख्य वेदीमागच्या सोनेरी लाकूडकामात तिच्या जीवनाचे प्रसंग कोरले आहेत. पुढच्या वेळी तिथे गेलात तर ते चाक शोधा.

आता वेळ थोडा उरला आहे, दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: कातालीना आणि कॅटालोनिया यांचा काही संबंध आहे का?

नाही. ऐकायला जुळतं एवढंच. कॅटालोनियाच्या बाईला स्पॅनिशमध्ये ‘कातालाना’ म्हणतात, ‘ली’ नाही, ‘ला’. आणि गंमत म्हणजे कातालान भाषेत या नावाचं लेखी रूप ‘र’चंच आहे, कातेरीना. ‘कातालीना’ ऐकायचं असेल तर त्याच भाषेच्या मायोर्का बेटावर जावं लागतं. तिथली सोळाव्या शतकातली स्थानिक संतही याच नावाची.

प्रश्न: पोर्तुगीजमध्ये आधीपासूनच ‘ता’ होता, की तिथेही कधी ‘ते’ म्हणत?

चांगला प्रश्न. याचा एक मजेदार पुरावा कामोइंशच्या कवितेत आहे. कामोइंश म्हणजे पोर्तुगालचा महाकवी. १५५३ मध्ये तो गोव्याला आला आणि इथे काही वर्षं राहिला. त्याच्या प्रेमकवितांत ‘नातेर्सिया’ नावाची प्रेयसी येते. परंपरा सांगते की ती दरबारातली कातेरीना दे आताइद, आणि नाव लपवण्यासाठी कवीने अक्षरांची उलटापालट केली. रोमन लिपीत दोन्ही नावांची अक्षरं मोजून बघा, तंतोतंत जुळतात, पण केव्हा? मधे ‘ए’ असेल तरच. ‘कातारीना’ लिहिलं तर एक अक्षर चुकतं. म्हणजे सोळाव्या शतकात हे नाव ‘ते’ने लिहिणं चालत होतं. आणि ही ‘नातेर्सिया’ कवितेतच राहिली नाही. पुढे पोर्तुगालमध्ये लोकांनी आपल्या मुलींची नावं खरोखरच नातेर्सिया ठेवली, आजही त्या नावाच्या बायका तिथे भेटतात.